नमुना सी-११८

पेण, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय नमिता,

तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. पत्ता तुझ्या नोकरीच्या जुन्या फॉर्मवर सापडला, ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे’ या रकान्यात. तिथे तू तुझ्या भावाचं, मिथुनचं नाव लिहिलं होतंस आणि त्याची रोह्याची खोली. तू आणि आई आता तिथेच राहता, असं नाथा म्हणाला. आपली जीप चालवता चालवता तो अख्ख्या तालुक्याची खबर ठेवतो. संस्थेने खरं तर त्यालाच संशोधक नेमायला हवं होतं.

चौकशी समितीचा अहवाल तुला मिळाला असेल. तो वाचून तुझा गैरसमज झाला असणार, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. तुला यातलं बरंचसं पाठ आहे. तरी लिहिते, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल.

आपलं काम साधं होतं. मिठागरात राबणाऱ्यांची मूत्रपिंडं उन्हाने आणि तहानेने खराब होतात का, एवढाच प्रश्न. खाडीकाठचे तीनशे कामगार घ्यायचे, आणि तुलनेसाठी मिठागराशी आयुष्यात संबंध न आलेली एकशे वीस माणसं घ्यायची. कामगारांचं रक्त आठवड्याच्या आत तपासायचं, कोणाचं वाईट निघालं तर लगेच दवाखान्यात पाठवायचं. तुलनेच्या गटातली माणसं धडधाकट धरलेली. त्यांच्या नळ्या फ्रीजरमध्ये ठेवून शेवटी एकदम तपासायच्या. किटचं टेंडर तीनदा परत आलं, आणि मार्चमधल्या नळ्यांचा तो ‘शेवट’ नोव्हेंबरात उजाडला. सी-११८ चा आकडा आला तेव्हा मशीन बिघडलं असं समजून मी ती नळी दोनदा परत लावली.

सी-११८ म्हणजे तुलनेच्या गटातली एकशे अठरावी, तुझी आई. आठ महिने तिची नळी आमच्याकडे पडून होती, आणि आठ महिन्यांत तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं हे मला माहीत आहे. कामगारांच्या गटात तिचं नाव असतं तर आठव्या दिवशी कळलं असतं. हे तू समितीसमोर ओरडून सांगितलंस आणि ते खरंच आहे.

पण फॉर्म तू भरला होतास नमिता. ‘मिठागरात कधी काम केलं आहे का’ यापुढे ‘नाही’ हे तुझ्याच अक्षरात आहे. तुझ्या आईंनी, धोंडुबाईंनी, चाळीस वर्षं डोक्यावरून मीठ वाहिलं, हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता. समितीला मी तेच लिहिलं. क्षेत्रसहायकाकडून चुकीची नोंद झाली, एवढंच. त्यात तुझ्याबद्दल एकही वाकडा शब्द नाही. तुझं कंत्राट संपवण्याचा निर्णय वरचा होता.

साडेतीन वर्षं आपण एका डब्यात जेवलो, म्हणून हे लिहावंसं वाटलं. आईंना नमस्कार सांग.

डॉ. वृंदा


पेण, १६ फेब्रुवारी २०२५

नमिता,

पाकिटावर तुझं अक्षर पाहून मला किती बरं वाटलं होतं. उघडलं तर आत माझंच पत्र. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फक्त एका वाक्याखाली लाल रेघ. ‘मला कळायला काहीच मार्ग नव्हता.’

तुझा लाल पेन मी विसरलेली नाही. फॉर्ममध्ये काही खटकलं की तू त्याखाली रेघ ओढून माझ्या टेबलावर ठेवायचीस आणि तोंडाने काही बोलायची नाहीस. मला त्याचा राग यायचा. आणि दर वेळी तुझंच बरोबर निघायचं, त्याचा जास्त यायचा.

तू कामाला लागलीस तो पहिला दिवस आठवतो का? पहिलाच फॉर्म तू चुकवलास आणि व्हाइटनरची बाटली काढलीस. मी तुझ्या हातातून ती घेतली. म्हटलं, आपल्या कामात चूक पुसायची नाही, गिरवायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. तू म्हणालीस, “म्हंजे चूक दिसलीच पाह्यजे?” मी म्हटलं, दिसलीच पाहिजे. फार शहाणपणाने बोलले होते.

तर ऐक. त्या दिवशी गागोदे बुद्रुकच्या शाळेच्या पडवीत आपण बसलो होतो. मार्चची एकतीस तारीख, रविवार, कामाचा शेवटचा दिवस. तुझी आई चपला काढून वजनकाट्यावर उभी राहिली. आकडा वाचायला मी खाली वाकले. तिच्या टाचा पांढऱ्या पडलेल्या, कडेने खोल चिरलेल्या, बोटांवर घट्टे. भातखाचरात काम करणाऱ्या बायकांचे पाय तसे नसतात. तसे पाय मी त्याआधी तीनशे माणसांचे पाहिले होते.

मी आकडा वाचला. एकेचाळीस किलो. तू तो लिहिलास आणि मी खाली सही केली.

मला शंका आली होती, आणि मी विचारलं नाही. मिठाने खाल्लेला पाय ओळखायला मला डॉक्टरेट लागत नाही. मीठ मला लहानपणापासून माहीत आहे, आमच्या घरात ते विकत आणायची पद्धतच नव्हती. ते जाऊ दे.

समितीला मी हे सांगितलं नाही. शंका म्हणजे काही पुरावा नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढली की असं समजावणं आपोआप जमतं. आता तुझी रेघ पुसली गेली असं समजते.

वृंदा मॅडम


पेण, ९ मार्च २०२५

नमिता,

दुसरं पत्रही परत आलं. या वेळी रेघ ‘ते जाऊ दे’ खाली. तू फार हट्टी आहेस. त्यावर मी आज लिहिणार नाही.

आज दुसरंच लिहायचं आहे. नाथाने परवा जीपमध्ये सांगितलं, “मॅडम, नमिताचा नंबर लागला ना. सरकारी दवाखान्यात, रक्त तपासनीला. पन आपल्या हापिसाच्या कागदानं घोळ घातलाय.” कसला घोळ, म्हणून विचारलं तर तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “तुमालाच ठाव असंल.”

मी मुंबईला फोन करून तुझ्या अनुभवाच्या दाखल्याची प्रत मागवली. ‘चुकीची नोंद केल्यामुळे सेवा समाप्त.’ हे वाक्य दाखल्यात जाईल हे मला माहीत नव्हतं, शपथेवर सांगते. पण ते माझ्याच अहवालातून उचललेलं आहे, शब्द न शब्द. अकरा एप्रिलला अलिबागला तुझी कागदपत्रं तपासणार. रक्त तपासायच्या जागेवर खोट्या नोंदीची मुलगी कोण घेईल? मीही घेतली नसती.

विभागप्रमुखांशी, आपल्या दिनानाथ सरांशी बोलून पाहिलं. माणूस वाईट नाही, फक्त दमलेला आहे. आमच्याकडे सगळेच दमलेले आहेत. म्हणाले, “वृंदा, मिटलेलं प्रकरण कशाला उकरून काढता? पंचवीस एप्रिलला तुमच्या बढतीची मुलाखत. सहा वर्षांनी नाव लागलंय. समितीने एक कारण ठरवलंय, ते बदलायचं तर दुसरं द्यावं लागेल. आहे तुमच्याकडे?” मी म्हटलं, बघते.

मग काल शनिवारी पेणला गाडीत बसले, रोह्याला तुझ्याकडे यायला. नागोठण्यापर्यंत ठीक होते. मनात बोलायची जुळवाजुळव चाललेली. नागोठणं सुटलं आणि ती जुळवाजुळव विस्कटली. निडीला गाडी थांबली आणि मी उतरले. रोहा पुढचंच स्टेशन. निडीच्या फलाटावर सिमेंटच्या बाकावर मी परतीच्या गाडीपर्यंत बसून राहिले. तुझ्या आईसाठी घेतलेली सफरचंदं मांडीवर होती. मूत्रपिंडाच्या रुग्णाला फळं नेताना विचारून न्यावीत, हेही बावीस वर्षांच्या संशोधकाला तिथे बसल्यावर सुचलं. सफरचंद चालतं तसं, थोडं. पण विचारलं नव्हतं.

नाथा स्टेशनवर न्यायला आला होता. एवढ्यात कशी आले म्हणून त्याने विचारलं, मी खरं सांगितलं. तो म्हणाला, “निडीला कोन उतरतंय मॅडम? निडीत ऱ्हानारा बी एस्टीनं जातंय.” मला हसू आलं आणि मग आवरेना. त्याने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून उगाच टायर बघत बसला.

एक गोष्ट मात्र लिहिते. त्या रविवारी दुपारपर्यंत आपल्याकडे एकशे सतरा झाले होते. तीन बायका गावातल्या लग्नाला निघून गेल्या. मी तुला पडवीच्या कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाले, “एकशे वीस नाही झाले तर मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही तर तुझं कंत्राटही नाही. काय ते बघ.” तासाभराने तू परत आलीस. म्हणालीस, “मॅडम, माझी आई दोन वर्षं मावशीकडे इथंच हाय. ती चालंल का?” मी विचारलं, “गागोद्याची रहिवासी आहे ना? मग झालं.” तू क्षणभर थांबलीस. मी पुढचं विचारावं म्हणून तू थांबली होतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं.

‘काय ते बघ’ हे मी म्हणाले, असं तू समितीला सांगितलंस. मी म्हणाले, आठवत नाही. मला आठवत होतं.

वृंदा


पेण, ३० मार्च २०२५

नमिता,

आज पाडवा. शेजारच्यांनी गुढी उभारली, मी कडुलिंबाची पानं चावली आणि लिहायला बसले. काल तुझ्याकडे येऊन गेले हे तुला कळलं असेल. या वेळी निडीला खिडकीतून बाहेर पाहिलंच नाही.

तू घरी नसशील हे नाथाकडून कळल्यावरच मी ती वेळ धरली होती. मिथुन कंपनीतून शिफ्ट करून येऊन आत झोपला होता. तुझी आई दारात, भिंतीला टेकून बसलेली. हातावर, डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलावर, पट्टी. मी कोण, हे सांगायला तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “ये गो बाय. उभी कनाला? अन्नांची वृंदा ना तू.”

नमिता, आता ते ‘जाऊ दे’ लिहिते.

धरमतर खाडीच्या काठचं ते मिठागर आमचं होतं. माझ्या आजोबांनी घेतलं, वडिलांनी, अण्णांनी सांभाळलं, मी कॉलेजात असताना विकलं. तुझी आई पंधराव्या वर्षी आमच्या आगरात आली आणि विकेपर्यंत तिथेच होती. होळी झाली की आगरातल्या बायका नव्या मिठाची टोपली घेऊन पेणला आमच्या घरी यायच्या. माझी आई त्यांना पडवीत ओळीने बसवायची, त्यांच्या पायांवर कोमट पाणी घालायची आणि हळद घातलेलं खोबरेल लावायला द्यायची. आजोबांपासूनची रीत. तेलाची वाटी धरून उभं राहायचं काम माझं. त्या रीतीचा आमच्या घरात केवढा अभिमान होता! आल्यागेल्याला सांगायचो. वर्षातून एकदा पाय धुवायचो, आणि उरलेलं वर्ष त्या बायका कुठे जातात, काय पितात, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं ते बावीस वर्षं सरकारी पगार खाल्ल्यावर, फॉर्ममधला प्रश्न म्हणून. ‘दिवसाला किती तांबे पाणी पिता?’ तीनशेतल्या बहुतेक बायकांचं उत्तर एकच होतं. मिठागरात लघवीला जायला आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही.

तेव्हा वजनकाट्यावर मला फक्त शंका आली नव्हती. पाय बघून मी वर तोंडाकडे पाहिलं आणि मला ती दिसली, धोंडुबाई, आमच्या पडवीतली. तिचं लग्नाआधीचं हसणं मला आठवलं. मला माहीत होतं. समितीसमोर बसून ‘कळायला मार्ग नव्हता’ लिहिलं, तेव्हाही पक्कं माहीत होतं. आणि तुझ्या आईने तुला माझं घर कोणतं ते सांगितलेलं असणार, म्हणून तुझी लाल रेघ. पायांची गोष्ट लिहून सुटेन असं मला वाटलं, ते तू होऊ दिलं नाहीस.

मी का गप्प राहिले, हेही लिहिते, कारण तू ते विचारणार नाहीस. एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे वीस. मला घरी जायचं होतं. खूप दमले होते आणि एका बाईची नोंद बदलली तर आणखी एक बाई शोधायला लागणार होती. एवढंच कारण आहे. त्याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

आता काल काय झालं ते. तुझी आई मला म्हणाली, “त्या दिशी तूनं मना वळखलंस. पाय बगून गप झालीस ना? मीव वळखलं तुला. लहानपनी वाटी धरायचीस आन् अर्धं तेल जमिनीवर सांडायचीस.” मी मान हलवली. मग ती म्हणाली, “मी घरी येऊन बहिनीला सांगितला, बाय वळखून बी गप ऱ्हायली. माज्या पोरीची नोकरी ऱ्हावी म्हून गप ऱ्हायली. मोठ्या घरची, पन माया हाय. लय उपकार झालं गो तुजं.”

तिने माझा हात धरला होता. पट्टी असलेल्या हाताने.

मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं. तेवढ्यात तिला तहान लागली. तिने कोपऱ्यातली बाटली दाखवली. तू त्या बाटलीवर लाल पेनने रेघा मारून ठेवल्या आहेस, दिवसभराचं पाणी भागवून. तिने एक रेघ उतरेपर्यंत घोट घेतला आणि झाकण लावलं. म्हणाली, “तवा पानी हुतं तर आडोसा नव्हता. आता घरात मोरी हाय तर पानी मोजून.” आणि हसली. तेच हसणं.

ते हसणं पाहून मी सांगायचं टाळलं आणि उठले. तिने डब्यातलं मूठभर मीठ पुडीत बांधून मला दिलं. “मना चालत नाय. तुमच्या घरी इकतचं खात नाय ना?” मी ते घेतलं, आणि तिच्या पाया पडून आले. ती पाय मागे घेत होती.

ते मीठ माझ्यासमोर टेबलावर आहे. मला लाज वाटते नमिता. आजवर मी हा शब्द कुठे लिहिलेला नाही.

वृंदा


पेण, ९ एप्रिल २०२५

नमिता,

उद्या सुट्टी आणि परवा तुझी अलिबागची तारीख, म्हणून हे पाकीट टपालाने पाठवत नाही. नाथा आणून देईल. त्याला आत बोलाव, चहा दे. तो काही विचारणार नाही, फक्त सगळं बघून जाईल.

सोमवारी मुंबईला गेले. आधी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन सी-११८ चा फॉर्म काढून घेतला. ‘मिठागरात कधी काम केलं आहे का’ यापुढचं ‘नाही’. त्यावर एकच रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘होय. चाळीस वर्षं. पहिली एकोणीस माझ्या वडिलांच्या आगरात. नमुना घेताना मला हे माहीत होतं.’ सही केली, तारीख टाकली. रकाना छोटा आहे, अक्षर समासात गेलं. मग त्याची प्रत आणि दोन पानांचं निवेदन घेऊन दिनानाथ सरांकडे गेले. ‘काय ते बघ’ हेही त्यात घातलं आहे.

त्यांनी दोन्ही पानं वाचली. चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “मुलाखत पंचवीसला आहे. सव्वीसला द्या ना हे.” मी म्हटलं, अकराला कागदपत्रं तपासणार आहेत. “त्या मुलीची?” हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी जुना दाखला रद्द करून नवा सहीला मागवला आणि माझ्याकडे न बघता सही केली. संध्याकाळपर्यंत माझं नाव मुलाखतीच्या यादीतून निघालं होतं. अभ्यास दुसऱ्याकडे देणार, माझी चौकशी लागणार. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली झोप. एसटीत अशी झोपले की पेण मागे पडलं, वडखळला कंडक्टरने उठवलं. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

नवा दाखला सोबत आहे. साडेतीन वर्षं, काम उत्तम. त्यात खोटं एक अक्षर नाही. निवेदनाची प्रतही ठेवली आहे, अलिबागला कोणी जुना दाखला काढलाच तर दाखव.

याने तुझ्या आईची मूत्रपिंडं परत येत नाहीत. ‘नाही’ तू लिहिलंस, याचं ओझं तू रोज उचलत असशील. ते तुझं आहे, मी हलकं करू शकत नाही. एवढंच सांगते की ‘नाही’ लिहून तू माझ्याकडे पाहिलं होतंस, आणि मी म्हटलं असतं तर तू तिथेच रेघ मारली असतीस. हे मला आतून माहीत आहे.

तुझ्या आईला खरं सांगायचं राहिलं आहे. मी उपकार केले असं ती अजून समजते. ते सांगायचं काम मी तुझ्यावर टाकणार नाही. येत्या रविवारी रोह्याला येते आणि तिच्यासमोर बसून सांगते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर दाराबाहेरून सांगेन.

आणखी एक कागद सोबत आहे. माझं चार फेब्रुवारीचं पत्र, तू परत पाठवलेलं. तुझी लाल रेघ जशी आहे तशीच ठेवली आहे. मी फक्त त्या वाक्यावरून एक रेघ ओढली आहे. खालचं वाचता येतंय ना, एवढं बघून घे. बाजूला लिहिलं आहे:

माहीत होतं.
वृंदा, ९ एप्रिल २०२५